सिल्क्यारा: साठ मीटरला सतरा दिवस का लागले?

स्वरदा_क

घरात वाद पेटलाय, निवाडा इथे मागतेय.

भाचा सिव्हिलचा डिप्लोमा करून उत्तराखंडात रेल्वेच्या बोगद्यावर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून रुजू झालाय. ऋषिकेश-कर्णप्रयाग लाइन. नेमणुकीचं पत्र आल्यापासून ताईने, म्हणजे त्याच्या आईने, एकच धोशा लावलाय: "तिकडेच ते एक्केचाळीस जण अडकले होते ना?" तो रस्त्याचा बोगदा होता, हा रेल्वेचा आहे, गावं वेगळी आहेत, सगळं सांगून झालं. तिचं म्हणणं, डोंगर तोच ना! यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

परवा जेवताना पुन्हा विषय निघाला. भावजींचं ठाम मत की सगळा सरकारी घोळ होता. साठ मीटरचा ढिगारा, त्याला सतरा दिवस? विमानाने आणलेलं अमेरिकन यंत्र मोडलं, आणि दिल्लीहून आलेल्या दहाबारा पोरांनी फावड्याने एका दिवसात काम फत्ते केलं. मग त्या पोरांना पहिल्याच दिवशी का नाही बोलावलं? माझा नवरा म्हणतो, इतकं सोपं असतं तर कुणीतरी केलंच असतं. पण म्हणजे नेमकं काय अवघड होतं, ते त्यालाही सांगता येईना.

मी बातम्या पुन्हा चाळल्या. १२ नोव्हेंबर २०२३, दिवाळीची पहाट, उत्तरकाशी जिल्हा, सिल्क्यारा-बारकोट बोगदा ढासळला. २८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सगळे बाहेर. मधल्या दिवसांत रोज "आज रात्री बाहेर येणार", "काही तासांचा प्रश्न" असल्या मथळ्यांचा रतीब. त्यातून काही उलगडा होत नाही.

इथे कुणी बोगद्यात काम केलेलं असेल तर सांगा. आणि भाचा तिथे आहेच, तर त्याने साइटवर डोळे उघडे ठेवून नेमकं काय बघावं, तेही सांगितलंत तर ताईला थोडा धीर येईल.

उनाड_वारा

भावजींशी शंभर टक्के सहमत. कोट्यवधींची यंत्रं एका बाजूला आणि आपली देशी माणसं एका बाजूला. शेवटी कामाला हातच आले. तो ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ, अरनॉल्ड डिक्स, तोसुद्धा रोज बौखनाग बाबाच्या देवळापुढे हात जोडत होता. यंत्रावर त्याचाही भरवसा उडाला असणार, दुसरं काय!

हेडिंगवाला

ताई, मी बोगद्यांवरच आयुष्य काढलं. कोयनेच्या चौथ्या टप्प्यावर हेल्पर म्हणून लागलो, पुढे हिमाचल, काश्मीर, आणि फोरमन म्हणून निवृत्त झालो. सिल्क्याराला मी नव्हतो. पण असला ढिगारा समोर उभा राहिलेला पाहिला आहे, म्हणून लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

आधी त्या साठ मीटरचं बघू. भावजींच्या डोळ्यांसमोर अंगणात ओतलेला मुरमाचा ढीग असणार. तो उचलला की संपतो. बोगद्यातला ढिगारा उचलून संपत नाही, कारण तो वरून येत असतो. छत फुटलं की वर पोकळी तयार होते आणि खालचा मक, म्हणजे पडलेला दगडमातीचा माल, काढला की पोकळीतला सैल दगड त्या जागी उतरतो. पहिले दोनेक दिवस तिथे लोडर लावून मक काढायचा प्रयत्न झाला. बादली भरून मागे वळेपर्यंत तेवढाच माल पुन्हा खाली. तिथला दगड फायलाइट, म्हणजे थरांचा, हातात घेतला तर पापुद्रे सुटतात असा. असल्या ठिकाणी फावडं घेऊन पोरं पुढे पाठवली असती तर अडकलेल्यांचा आकडा वाढला असता. बस्स.

म्हणून बेत बदलला. ढिगारा काढायचा नाही, तो आहे तिथे राहू द्यायचा आणि त्याच्या पोटातून लोखंडी पाइप पलीकडे ढकलायचा. माणूस सरपटत येईल एवढ्या व्यासाचा. हे काम ऑगरचं. पाइपच्या आत मळसूत्री पात्यांचा दांडा फिरतो, तो पुढचा माल पोखरून मागे आणतो आणि मागून जॅक पाइप रेटत राहतो. पाइप सहा सहा मीटरचे. एक आत गेला की थांबा, दुसरा लावा, रेषेत आणा, गोल वेल्डिंग करा, ते निवू द्या, मग पुढे. वेल्डिंगची घाई केली आणि सांधा आत उघडला तर सगळं मुसळ केरात. बातम्यांत "ड्रिलिंग थांबलं" असं यायचं, त्यातला कितीतरी वेळ या वेल्डिंगचा होता.

पहिलं आणलेलं ऑगर लहान पडलं. मग मोठं अमेरिकन यंत्र हवाई दलाच्या हर्क्युलिसमधून सुट्या भागांत चिन्यालीसौडच्या धावपट्टीवर उतरवलं. १६ तारखेला ते चालू झालं. ९०० मिलिमीटरचा पाइप २२ मीटर गेला आणि १७ ला आतून मोठा कडाड आवाज आला. काम बंद. टीव्हीवर तेव्हा "हलगर्जीपणा" म्हणून ओरड चालली होती. मी घरात बसून म्हणत होतो, शाबास, थांबले! बोगद्यातला आवाज ऐकून जो थांबत नाही तो या धंद्यात म्हातारा होत नाही. त्यानंतर आधी बचाववाल्यांच्याच डोक्यावर आडोसा उभारला, मग जुन्या पाइपच्या आतून ८०० मिलिमीटरचा पाइप घालून पुन्हा सुरुवात केली.

आता खरी मेख. ४७ मीटरच्या आसपास ऑगर अडकलं ते दगडात नव्हे, लोखंडात. बोगदा खोदताना छताला आधार म्हणून आपणच लॅटिस गर्डर बसवतो, म्हणजे सळ्यांच्या जाळीच्या कमानी. वर रॉक बोल्ट, फोरपोल म्हणजे पुढच्या छतात घातलेल्या नळ्या, जाळी, मग शॉटक्रीट, म्हणजे फवारलेलं काँक्रीट. छत आलं तेव्हा हे सगळं वेडंवाकडं होऊन ढिगाऱ्यात मिसळलं. दगड फोडायला बनवलेल्या पात्यात सळई गुंतली की पातं पिळवटतं. छत धरून ठेवायला घातलेल्या लोखंडानेच सुटकेचं यंत्र धरून ठेवलं. मोडलेला दांडा पाइपच्या आतच अडकला. तो काढायला माणसं त्या ८०० मिलिमीटरच्या नळीत पोटावर सरपटत गेली आणि गॅस कटरने तुकडा तुकडा कापून मागे ओढत राहिली. बंद पाइप, समोर कटरची ज्योत, सगळा धूर स्वतःच्याच तोंडावर. मग हैदराबादहून प्लाझ्मा कटर आणला, त्याने काम जरा उरकलं. या कापणाऱ्यांचे फोटो कुठे छापून आल्याचं मला आठवत नाही.

यानंतर तुमची दिल्लीची पोरं. उनाड_वारा, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण गोष्ट नीट सांगा. ही माणसं शहरात रस्त्याखालून गटाराचे, पाण्याचे पाइप ढकलायच्या कामावरची. पाइपच्या तोंडाशी बसून हाताने खणायचं आणि मागून पाइप सरकवायचा, हा त्यांचा रोजचा धंदा. सिल्क्याराला त्यांनी तेच केलं. एक जण पुढे खणतोय, दुसरा माल गोळा करतोय, तो चाकांच्या ट्रॉलीत भरून दोरीने मागे ओढला जातोय, ब्लोअरने हवा सोडलीय. आडवी सळई आली की कापायची. हात दोन हात मोकळं झालं की मागून त्याच ऑगर यंत्राच्या जॅकने पाइप पुढे रेटायचा. हो, तेच "मोडलेलं" अमेरिकन यंत्र. त्याचा दांडा मोडला होता, ढकलायची ताकद शाबूत होती. शेवटचे बारा मीटर असे गेले, २७ च्या संध्याकाळपासून २८ पर्यंत.

म्हणजे पोरं पहिल्या दिवशी आली असती तर? डोक्यावर पाइप नसता. पाइप ४७ मीटर आत नेला यंत्राने, आणि पाइप होता म्हणून माणूस तिथवर जाऊन बसू शकला. हाताने साठच्या साठ मीटर जायचे म्हटले असते तर हिशेब करा: चोवीस तासांना बारा मीटर, तेही कसलेल्या माणसांनी, तेही सगळं सुरळीत चाललं तर. ऑगर पहिले बावीस मीटर एका दिवसात गेलं होतं. यंत्र विरुद्ध माणूस असा सामना तिथे झालाच नाही.

स्वरदा_क

काका, खूप खूप आभार. भावजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं, मग वरून का नाही खणलं? ढिगाऱ्याच्या वाटेला जायचंच कशाला?" हार मानायची सवय नाही त्यांना. आणि कोळशाच्या खाणीत पूर्वी एका सरदारजींनी पिंजऱ्यातून माणसं वर काढली होती, त्याचाही दाखला देताहेत.

वणीकर

ते राणीगंजचं. पश्चिम बंगाल, महाबीर कोळसाखाण, नोव्हेंबर १९८९. मी स्वतः कोळशात होतो, आमच्या प्रशिक्षणात ही घटना शिकवायचे, म्हणून सांगतो.

तिथे पाणी घुसलं होतं. शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या भागाशी संबंध आला आणि खाण भरू लागली. ७१ जण आत राहिले, त्यातले सहा बुडाले. उरलेले ६५ एका उंचवट्याच्या जागी जमले. जसवंतसिंग गिल यांनी वरून रुंद भोक पाडून त्यातून लोखंडी कॅप्सूल सोडायची कल्पना काढली. कॅप्सूल तिथल्या तिथे बनवून घेतली. खाली जायला ज्यांना तयार केलं होतं ते ऐनवेळी मिळेनात तेव्हा गिल स्वतः उतरले, आणि शेवटचा माणूस वर गेल्यावरच वर आले. चिलीत २०१० साली ३३ जणांना जवळपास ७०० मीटरवरून काढलं तेही असंच कॅप्सूलने, पण आत जाऊन ६९ दिवस झाल्यावर.

राणीगंजला वरून जमलं कारण खाण उथळ होती, वर सपाट जमीन होती, यंत्र थेट जागेवर नेता आलं आणि कोळशाच्या खाणीचे नकाशे असतात, खाली कोणती गल्ली कुठे आहे ते वर खुंटी ठोकून दाखवता येतं. हिमालयात यातलं किती आहे ते हेडिंगवाले सांगतील.

हेडिंगवाला

वणीकरांनी माझं अर्धं काम केलं.

वरून खणायचं कामही चालू होतंच. कुणी हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. बोगद्याच्या बरोबर वर यंत्र न्यायला आधी डोंगरावर रस्ता लागतो, तो सीमा सडक संघटनेने झाडं तोडून काढला. मग एसजेव्हीएन या सरकारी वीज कंपनीने यंत्र वर चढवून २६ तारखेला उभं खणायला सुरुवात केली. ८६ मीटर जायचं होतं. साधारण निम्म्यापर्यंत पोचले तोवर खालचा पाइप पलीकडे निघाला. पलीकडच्या बारकोट तोंडाकडूनही टीएचडीसी ही दुसरी सरकारी वीज कंपनी स्फोट करत येत होती, पण तिकडे जवळपास पाचशे मीटर अखंड दगड बाकी होता. ती वाट महिन्याभराची. तरी ती चालू ठेवली हे मला पटलं. आतल्या माणसाला एकाच पाइपच्या भरवशावर टांगून ठेवायचं नसतं.

उभ्या भोकाची एक धास्ती लोक विसरतात. खाली माणसं बसलेली आहेत आणि तुम्ही त्यांच्याच छताला भोक पाडताय. ड्रिलचं पाणी, हादरा, सैल दगड, सगळं त्यांच्या डोक्यावर. तेही कुठलं छत? ज्याच्या शेजारचं नुकतंच कोसळलंय ते. फोरमन म्हणून मला निवड दिली असती तर मीही आडवीच वाट धरली असती.

आता तुमच्या ताईंच्या प्रश्नाकडे येतो, तो भावजींच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा आहे.

लोकांना वाटतं बोगद्यात धोका पुढच्या टोकाला, फेसला असतो, जिथे सुरुंग लावतात तिथे. आहेच. पण फेसला सगळे सावध असतात. सिल्क्याराला ढासळलं ते तोंडापासून दोनशे मीटरच्या जरा पुढे. माणसं त्याच्याही आत होती. त्यांच्यापुढे तयार बोगद्याचे जवळपास दोन किलोमीटर मोकळे होते. म्हणून तर ती वाचली! फिरायला जागा, हवा भरपूर, डोंगरातून झिरपणारं पाणी, दिवे चालू. आणि सगळ्यांत मोठं नशीब म्हणजे आधीपासून टाकलेला चार इंची पाइप ढिगाऱ्याखाली शाबूत राहिला. त्यातून हवा गेली, मुरमुरे, चणे, सुकामेवा, औषधं गेली. २० तारखेला सहा इंची पाइप पलीकडे पोचला तेव्हा बाटल्यांत भरून गरम खिचडी गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाइपातून घातलेल्या कॅमेऱ्यात माणसं दिसली. आतली पोरं म्हणे जिओटेक्स्टाइलवर झोपायची. लाइनिंगच्या, म्हणजे शेवटच्या काँक्रीटच्या थराच्या, आधी पाणी अडवणाऱ्या पडद्यामागे लावायचं ते जाडसर पांढरं कापड. बातमी वाचली आणि हसू आलं, कारण रात्रपाळीत डुलकी काढायला आम्हीही तेच अंथरायचो आणि त्यावरून बोलणी खायचो.

तेलंगणात २२ फेब्रुवारी २०२५ ला श्रीशैलम डाव्या कालव्याच्या बोगद्यात उलटं झालं. आठ माणसं अगदी फेसजवळ, खोदयंत्रापाशी, तोंडापासून चौदाएक किलोमीटर आत. छताबरोबर पाणी आणि चिखलाचा लोंढा आला. सिल्क्याराची पाइपवाली मंडळी तिथेही गेली, केरळ पोलिसांची वास काढणारी कुत्री गेली, सैन्य गेलं. हाती लागले ते दोन मृतदेह. तिथे ढकलायला पाइप होता, माणसं होती, शौर्यही होतं. पलीकडे मोकळी जागा नव्हती.

तर मागे काय चाललंय हे बघायचं. सिल्क्याराला त्या पट्ट्यात री-प्रोफायलिंग चालू होतं. ताईंना समजेल असं सांगतो. कमकुवत डोंगर बोगद्याला दाबतो. महिन्या-वर्षात बोगदा आत येतो, ठरलेला आकार राहत नाही. मग जुनं शॉटक्रीट फोडायचं, आत आलेला गर्डर कापायचा, दगड तासून जागा वाढवायची आणि नवा आधार बसवायचा. म्हणजे डोंगर ज्या कमानीवर टेकलाय तीच कमान काढायची, आणि दुसरी बसेपर्यंत डोंगराने कळ काढावी अशी आशा धरायची.

हिमाचलात एका जलविद्युत प्रकल्पावर, नाव घेत नाही, आम्ही हेच करत होतो. एक गर्डर कापायचा, नवा बसवायचा, त्यावर शॉटक्रीट मारायचं, मगच शेजारच्याला हात लावायचा, हा नियम. मॅनेजर नवा आला होता, त्याला महिन्याचे मीटर दाखवायचे होते. म्हणाला, चार-चार एकदम कापा. मी दोनवर अडून बसलो, त्यावरून तोंडातोंडी झाली. त्या रात्री दुसरा गर्डर कापून झाला आणि डाव्या खांद्याकडून, म्हणजे भिंत छताला मिळते तिथून, शॉटक्रीटच्या बारीक कपच्या पडू लागल्या. नखाएवढ्या. हेल्मेटवर टक टक वाजायच्या. आमच्यात झारखंडचा एक म्हातारा ड्रिलर होता, त्याने ड्रिल बंद केलं, कुणाला काही न विचारता टॉर्च घेऊन भिंतीजवळ गेला. आधीच्या पाळीत तडा होता त्याच्या दोन्ही टोकांना लाल रंगाने रेघ मारून ठेवलेली असते. तडा रेघेच्या बाहेर चार बोटं गेला होता. म्हातारा वळला आणि नुसता म्हणाला, "चलो." फेसवर फोन करून तिकडच्या सगळ्यांना आधी बाहेर घेतलं, मग आम्ही निघालो. पहाटे तो खांदा आला, पंधरावीस डंपर माल असेल. कुणाला ओरखडा नाही. आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरने माझ्याकडे लेखी खुलासा मागितला की पाळी अर्धी का सोडली!

भाच्याला सांगा, त्याच्या साइटवर री-प्रोफायलिंग कुठे चाललंय, हे पहिल्या आठवड्यात माहीत करून घे. तिथले कन्व्हर्जन्सचे आकडे, म्हणजे दोन भिंती रोज किती मिलिमीटर जवळ येतात ते, स्वतः वहीत उतरवत जा. ऑफिसात तो तक्ता असतोच, पण तो बघणारा सर्वेअर आणि आत काम करणारा फोरमन यांची गाठ पडतेच असं नाही. आकडा वाढत असेल आणि त्याच वेळी तिथे तोडकाम चालू असेल तर आवाज काढायचा. ज्युनिअर आहे म्हणून गप्प बसायचं नाही.

उनाड_वारा

काका, मानलं. माझा तो प्रतिसाद मथळे वाचून होता. पण एक सांगा, इतकं सगळं होऊन जबाबदार कोण? २०१८ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने या बोगद्याला मंजुरी दिली ती "एस्केप पॅसेज"सह. तो पॅसेज कुठे होता? कामगारांना राज्य सरकारने एकेक लाख दिले, खणणाऱ्यांना पन्नास पन्नास हजार, फोटो काढले, संपलं. त्या खणणाऱ्यांपैकी एकाचं दिल्लीतलं घर तर पुढच्याच फेब्रुवारीत अतिक्रमण म्हणून बुलडोझरने पाडलं.

हेडिंगवाला

घराचं वाचलं तेव्हा माझाही संताप झाला. त्यावर जास्त लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल.

एस्केप पॅसेजबद्दल: असले मार्ग आखतात ते बहुतेक वाहतूक सुरू झाल्यावर गाडीतल्या माणसाने आगीतून कुठे पळायचं, या हिशेबाने. बांधकाम चालू असताना आत राबणाऱ्याला त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तो मार्ग बोगद्याबरोबर पुढे सरकतो. सगळ्यात शेवटी बांधणार असाल तर तो कागदावरच. खोदकामाच्या काळात मजुराचा खरा एस्केप म्हणजे कच्च्या पट्ट्यातून टाकून ठेवलेला मोठा पाइप. ह्यूम पाइप म्हणा की लोखंडी म्हणा. वर दरड आली तरी त्यातून रांगत बाहेर. किंमत म्हणाल तर एकूण कामात कुठल्या कोपऱ्यात जाईल ते दिसणारही नाही. पण तो डंपरच्या वाटेत येतो, म्हणून नकोसा. सिल्क्याराला असा पाइप आधी होता आणि नंतर हलवला, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. मला त्यात काही नवल वाटलं नाही. पाइप हलवताना मी पाहिले आहेत, आणि दरवेळी कारण एकच: "दो दिन में वापस लगा देंगे."

आणखी एक, हे भाच्याने आजच्या आज बघावं. सिल्क्याराला पहिले काही दिवस सगळे चाळीस म्हणत होते. मग कळलं की एक्केचाळीस आहेत. पाच-सहा दिवस एका माणसाचं नावच यादीत नव्हतं! त्याच्या घरच्यांना काय वाटलं असेल ते सोडा. बचाव करणाऱ्याला आत किती माणसं आहेत ते ठाऊक नसेल तर तो शेवटचा माणूस निघाला हे कशावरून ठरवणार? तोंडावर टोकन बोर्ड असतो. आत जाताना आपला बिल्ला खिळ्यावर लावायचा, बाहेर येताना काढायचा. कंटाळवाणं काम आहे. वॉचमन चहाला गेला की चार जण बिल्ल्याशिवाय आत जातात. इंजिनिअर तर हमखास जातात, त्यांना तो बोर्ड मजुरांसाठी वाटतो.

स्वरदा_क

काका, तुमचं सगळं भाच्याला पाठवलं होतं. आत्ता त्याचं उत्तर आलं, तसंच इथे देते:

"मावशी, टोकन बोर्ड आहे, मी आजपासून लावतोय, सिनिअर हसले. री-प्रोफायलिंग आमच्या बाजूला नाही, पलीकडच्या तोंडाला आहे म्हणतात, विचारून सांगतो. कन्व्हर्जन्सचा तक्ता माझ्याच टेबलावर येतो. मोठा पाइप आहे, तोंडापासून आत टाकलेला. लोखंडी. आईला सांग."

ताईला सांगितलं. रडली थोडी, मग म्हणाली पाइपचा फोटो मागव.

हेडिंगवाला

पोरगा कामाचा आहे. फोटो मागवाच, पण पाइपच्या तोंडाचा नको. तो कुठे संपतो ते बघायचंय. कच्चा पट्टा जिथे संपतो त्याच्या पुढे पाइपचं दुसरं टोक निघतं का, की अलीकडेच थांबलंय? आणि त्या टोकाशी काय ठेवलंय? आमच्या एका साइटवर तिथे सिमेंटच्या गोण्या रचायचे, कोरडी जागा म्हणून.

दुसरं म्हणजे तो स्वतः एकदा त्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत जाऊन येऊ दे, बरोबर एक जण घेऊन, बाहेर एकाला सांगून. आत हवा कशी आहे, कुठे सांधा चेपलाय, कुठे पाणी साचलंय, हे कळायला दुसरा उपाय नाही. सिनिअर हसले तर हसू द्या.